पश्चिम आफ्रिकेत पहिल्यांदा जाताना: सालूमची गावं, सेनेगल नदी आणि अद्रारचं वाळवंट

पश्चिम आफ्रिका म्हटलं की टिंबक्टू आठवतं, जेनेची मातीची मशीद आठवते, नायजर नदीतल्या लांबलचक होड्या आठवतात. हे सगळं मालीत आहे, आणि माली सध्या तुमच्या यादीत नको. २०१२ मध्ये उत्तरेत पेटलेला संघर्ष आता जवळजवळ देशभर पसरलाय. जुलै २०२५ मध्ये तर पश्चिमेकडच्या 'काय' (Kayes) नावाच्या शहरातल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना पळवून नेलं गेलं. बुर्किना फासो आणि नायजर या शेजाऱ्यांची गतही वेगळी नाही. कुणी आजही तुम्हाला 'टिंबक्टू स्पेशल' विकायला बघत असेल तर त्याला लांबूनच रामराम करा.

पण त्यासाठी सगळा बेत गुंडाळायची गरज नाही. सेनेगल आणि त्याच्या उत्तरेला मॉरिटानिया असे दोनच देश घेतले, तरी खारफुटीतली गावं, मोठी नदी आणि खरंखुरं सहारा एकाच सलग वाटेवर येतात. इंग्रजी फारसं चालत नाही, शाकाहाऱ्यांचे थोडे हाल होतात, रस्त्यावर वेळ जातो. तरीही पहिल्या खेपेला याहून चांगली वाट मला माहीत नाही. माझा हट्ट एकच आहे: सहल कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमातली निम्मी ठिकाणं खोडा आणि उरलेल्यांत मुक्काम वाढवा. या भागात पहिल्या दिवशी तुम्ही कॅमेरा घेतलेले पाहुणे असता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसं तुम्हाला थांबवून झोप कशी लागली ते विचारतात, आणि सहल तिथून सुरू होते.

वाट आणि मोसम

सोळा ते अठरा दिवस काढा. डाकारला दोन दिवस, सालूम नदीच्या मुखाशी चार, सँ-लुईला तीन, मग सेनेगल नदी ओलांडून मॉरिटानियाची राजधानी नुआकशोत आणि तिथून अद्रारच्या पठारावर पाच-सहा दिवस. उरलेले प्रवासात जातात, ते जाऊ द्या. विमानाचं तिकीट जाताना डाकारचं आणि परतीचं नुआकशोतहून काढा, म्हणजे आलेल्या वाटेने परत यावं लागत नाही. मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, अदिस अबाबा किंवा इस्तंबूलमार्गे जाता येतं. पॅरिसमार्गे जाणार असाल तर ट्रान्झिटचे नियम आधी बघा.

नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस उत्तम. जुलै ते ऑक्टोबर पाऊस असतो, गावचे रस्ते चिखलात जातात आणि डासांचं राज्य असतं. मार्चनंतर वाळवंटात दुपारी सावलीतही बसवत नाही. थंडीच्या दिवसांत हरमतान नावाचा कोरडा वारा सहाराची धूळ घेऊन येतो आणि एखादा आठवडा आभाळ पिवळट राहतं. फोटो खराब येतात, घसा धरतो, त्यापलीकडे काही होत नाही. रमजान कधी येतोय तेही बघून घ्या. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. त्या महिन्यात गावात दिवसा चूल पेटत नाही आणि ड्रायव्हरही उपाशी गाडी चालवत असतो.

आता खोडायची ठिकाणं. डाकारजवळच्या गुलाबी तळ्याचे, लाक रोझचे, फोटो प्रत्येक माहितीपत्रकात असतात. २०२२ च्या पुराचं पाणी आत शिरल्यावर तो गुलाबी रंग बराच काळ गेलाच होता. केवळ रंगासाठी एक दिवस घालवू नका. लोम्पुलचं छोटं वाळवंट डाकारवाल्यांना शनिवार-रविवारसाठी ठीक आहे, पण झिरकॉनच्या खाणीने तिथल्या टेकड्यांत हात घातलाय आणि तुम्ही तर पुढे खऱ्या सहारात जाणार आहात. आग्नेयेकडचा बासारी लोकांचा डोंगराळ मुलूख फार सुंदर आहे, पण तिथलं केदुगू शहर डाकारहून सुमारे सातशे किलोमीटर. तो पुढच्या खेपेला.

गांबियाचा मोह होतो, कारण तिथे इंग्रजी चालतं आणि गांबिया नदीत पाणघोडेही दिसतात. पण सेनेगलमधून गांबियात जाऊन परत सेनेगलमध्ये यायचं म्हणजे व्हिसाच्या फेऱ्या वाढतात. बरेच जण गांबियात जातात ते वासूची दगडी वर्तुळं बघायला. त्याच परंपरेतलं सिन न्गायेन सेनेगलमध्येच आहे, काओलाकच्या दक्षिणेला. एका माळावर बावन्न वर्तुळं, सगळे खांब जांभ्याचे. कोकणातल्या माणसाला तो दगड लगेच ओळखू येईल. लोखंडी हत्यारांनी खाणीतून काढून घडवलेले हे खांब कबरींभोवती उभे केलेले आहेत. वासू, केरबाच, वानार आणि सिन न्गायेन ही चार स्थळं मिळून २००६ मध्ये जागतिक वारशात गेली. सालूमहून उत्तरेला निघताना अर्धा दिवस इथे द्या.

गाईड

पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलात वाचवा, गाईडमध्ये नको. 'पश्चिम आफ्रिकेचा गाईड' अशी काही चीज नसते, हेही लक्षात ठेवा. डाकारचा वोलोफ बोलणारा तरुण सालूमच्या सेरेर गावात तुमच्याइतका नाही, पण पाहुणाच असतो. नदीकाठी पुलार लागते, वाळवंटात हसानिया अरबी. चांगली कंपनी एक मुख्य माणूस देते आणि प्रत्येक टप्प्यावर तिथला स्थानिक गाईड जोडते. पैसे भरण्याआधी विचारा: प्रत्येक गावात आपल्याबरोबर कोण असेल, आणि तो त्याच गावचा का? राहायची जागा, म्हणजे कॅम्पमाँ, कोणाच्या मालकीची? ड्रायव्हर रात्री कुठे झोपतो, त्याच्या जेवणाचे पैसे कोण देतं? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर कंपनी कशी आहे ते कळतं. गावाने मिळून चालवलेल्या कॅम्पमाँची पद्धत सेनेगलच्या दक्षिणेकडच्या कासामान्समध्ये १९७० च्या दशकात सुरू झाली. खोल्या साध्या असतात, बादलीने अंघोळ करावी लागते, पण पैसा गावात राहतो.

गाईडशी व्हिडिओ कॉलवर एकदा बोला. त्याला विचारा, गावात पोचल्यावर सगळ्यात आधी कुठे जायचं? 'बोटीवर' किंवा 'हॉटेलवर' असं उत्तर आलं तर दुसरा बघा. बरोबर उत्तर म्हणजे गावप्रमुखाच्या घरी, तो घरी नसेल तर त्याच्या कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांकडे.

फ्रेंच येत नसेल तर इंग्रजी येणारा गाईड आग्रहाने मागा आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायची तयारी ठेवा. फोनवरचं भाषांतर शहरात कामाला येतं. अंगणात चार आज्या एकदम बोलायला लागल्या की ते हात टेकतं.

कागदपत्रं, लस, पैसे

भारतीय पासपोर्टसाठीचे नियम बदलत असतात. तिकीट काढायच्या आधी सेनेगलच्या दिल्लीतल्या दूतावासाला मेल करा आणि उत्तर लेखी घ्या. एजंटच्या तोंडी 'होऊन जाईल'वर जाऊ नका. मॉरिटानियासाठी आता निघण्यापूर्वी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. पूर्वीसारखं सीमेवर जाऊन बघू म्हणायची सोय राहिलेली नाही. डाकार आणि नुआकशोत दोन्हीकडे भारतीय दूतावास आहेत. त्यांचे नंबर फोनमध्ये घाला आणि कागदावरही लिहून ठेवा.

यलो फिव्हरची लस म्हणजे पिवळ्या तापाची लस, ही औपचारिकता समजू नका. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात ती मिळते, पण वार आणि वेळ आधी विचारून जा. ते पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. त्याची खरी परीक्षा परतताना होते. या देशांतून कार्डाशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून कार्ड पासपोर्टबरोबर, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. सालूम आणि नदीकाठ दोन्हीकडे डास असतात आणि तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे अंगावर काढण्यासारखा नाही. विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते बघा. अद्रारमध्ये मोठं रुग्णालय नाही.

पैशांचं सोपं आहे: युरो न्या. सेनेगलचा सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे, एका युरोला ६५५.९५७ फ्रँक, त्यामुळे भावाची घासाघीस होत नाही. शहरांत एटीएम आहेत. अडचण येते ती सुट्ट्यांची. दहा हजाराची नोट गावात कुणी मोडून देत नाही, म्हणून डाकारमध्येच हजार-दोन हजारांच्या नोटा करून घ्या. स्थानिक लोक सगळं मोबाइलवरून देतात. आपल्याकडच्या यूपीआयची सवय लागलेल्यांना वेव्ह हे ॲप ओळखीचं वाटेल, पण त्याला तिथला नंबर लागतो. मॉरिटानियात उगिया हे वेगळं चलन आहे आणि तिथे एटीएमच्या भरवशावर राहू नका. २०१८ मध्ये तिथल्या नोटांवरचं एक शून्य उडवलं, पण लोक अजूनही जुन्या हिशोबात किंमत सांगतात. दोन हजार म्हटलं की घाबरण्याआधी 'जुने की नवे?' विचारा.

प्लग दोन गोल पिनांचे. आपले तीन जाड पिनांचे बसत नाहीत.

डाकार

पहिले दोन दिवस अंगाला हवा लागू द्या. घड्याळ साडेपाच तास मागे जातं, पहाटे तीनला जाग येते. विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, तेव्हा गाडी आधीच सांगून ठेवा. रस्त्यावरच्या पांढऱ्या मिनीबसला लोक सरसकट 'टाटा' म्हणतात. त्या टाटाच्याच आहेत, थिएस शहरात जुळणी केलेल्या. भारतीय आहोत म्हटल्यावर एखादा मध्यमवयीन टॅक्सीवाला हिंदी गाणं म्हणायला लागला तर चकित होऊ नका. तिथलं हिंदी सिनेमाचं वेड फार जुनं आहे.

गोरे बेटावर बोटीने वीस मिनिटांत पोचता येतं. सकाळची पहिली बोट धरा, अकरानंतर गर्दी होते. गुलामांच्या घरातला समुद्राकडे उघडणारा दरवाजा सगळ्यांना दाखवतात. त्या एका दारातून नेमके किती लोक नेले गेले, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि गाईड सांगेल तो आकडा डोळे मिटून घेऊ नये. पण या किनाऱ्यावरून माणसांचा व्यापार झाला याबद्दल वाद नाही. तिथे सेल्फी काढणारे असतात. तुम्ही त्यांत नसा.

सालूम: गावात राहायचं कसं

सालूमचं मुख म्हणजे खारफुटी, खाड्या आणि शेकडो बेटं. राहायला तुबाकुटा, न्दांगान किंवा पालमारँ यांपैकी एकच गाव निवडा आणि तिथेच चार रात्री काढा. नदी म्हणायची खरी, पण ती उलटी वागते: वरून गोडं पाणी फारसं येत नाही, ऊन पाणी उडवतं, त्यामुळे समुद्रापासून जितकं आत जावं तितकं पाणी जास्त खारट. बोट भरती-ओहोटीच्या वेळेवर चालते, तुमच्या नाश्त्याच्या वेळेवर नाही. नावाड्याने पहाटे साडेसहा म्हटलं तर साडेसहा. नावेत, म्हणजे पिरोगमध्ये, लाइफ जॅकेट आहेत ना ते निघण्याआदल्या संध्याकाळी बघा, कारण किनाऱ्यावर उभं राहून हुज्जत घालताना ओहोटी लागते.

ओहोटीला बायका चिखलात उतरून शिंपल्या वेचतात, खारफुटीच्या मुळांना चिकटलेली कालवं काढतात. हे काम इथे शेकडो वर्षं चाललंय आणि टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग टेकड्यांएवढे झालेत. २०११ मध्ये या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो याच ढिगांमुळे. एकूण २१८ मोजलेत, त्यांतल्या २८ वर पुरातन दफनं आहेत आणि वर गोरखचिंचेची झाडं उगवलीत. हो, मुंबई-वसईत जुन्या वाड्या-किल्ल्यांपाशी दिसते तीच गोरखचिंच, तिचं मूळ घर आफ्रिका. तिच्या फळातल्या पिठूळ गराचं 'बुय' नावाचं दाट सरबत मिळतं. पोट बिघडलं असेल तर स्थानिक लोक तेच देतात.

एक दिवस जोआल-फाद्यूतला जा. फाद्यूत हे शिंपल्यांचंच बेट, लाकडी पुलाने जोडलेलं. गल्लीतून चालताना पायाखाली कचकच आवाज येतो. वस्ती बहुतांशी ख्रिस्ती, थोडी मुसलमान, आणि शेजारच्या बेटावरच्या दफनभूमीत दोघेही. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि कवी लिओपोल्ड सेदार सेंगोर जोआलचे, जन्म १९०६ चा. ईस्टरला इथले ख्रिस्ती लोक बाजरी, शेंगदाणे आणि गोरखचिंचेचं न्गालाख करून मुसलमान शेजाऱ्यांकडे पाठवतात, बकरी ईदला मटण उलट्या दिशेने येतं.

आता रीतभात. गावप्रमुखाकडे जाताना कोला नट न्यायची पद्धत आहे. कडू, लालसर बिया, बाजारात कुठेही मिळतात. किती आणि केव्हा द्यायच्या ते गाईड सांगेल. मुलांना गोळ्या-पेनं वाटू नका. एकदा वाटलीत की पुढच्या प्रत्येक पाहुण्यामागे मुलं धावतात. वह्या द्यायच्या असतील तर शाळेत मास्तरांच्या हाती द्या.

रामराम लवकर उरकू नका. 'असलामु अलेकुम' म्हणायचं, 'मालेकुम सलाम' ऐकायचं, मग 'ना न्गा देफ?' म्हणजे कसे आहात, त्यावर 'मा न्गी फी रेक', इथेच आहे आपला. मग घरचे कसे, मुलं कशी, रात्र कशी गेली. उत्तर प्रत्येक वेळी चांगलंच द्यायचं, तब्येतीची रडकथा सांगायची ही वेळ नाही. आभाराला 'जेरेजेफ'. तेवढ्यावर अर्धा गाव तुमचा होतो.

आडनावांची थट्टा तर मला या सगळ्या प्रवासातली सगळ्यात लोभस गोष्ट वाटते. काही आडनावांचं एकमेकांशी थट्टेचं नातं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. न्दियाय भेटला की दियोपने त्याला खादाड म्हणायचं, न्दियायने दियोपला आपला गुलाम म्हणायचं, अगदी बँकेच्या काउंटरवर, पोलिसाने गाडी अडवली तरीसुद्धा. सेरेर आणि दक्षिणेतले जोला, सेरेर आणि पुलार यांच्यातही असंच. रागवायचं नसतं, परत टोला हाणायचा असतो. दोन दिवस राहिलात की यजमान तुम्हालाही आपलं आडनाव देतात. मग नाक्यावरचा शिपाई पासपोर्ट बघून आडनाव विचारेल, तुम्ही 'दियोप' म्हणा, आणि तो न्दियाय निघाला तर तुमची यथेच्छ टिंगल होईल. या थट्टेने तंटे मिटतात, असं तिथली माणसं गंभीरपणे सांगतात, आणि नाक्यावर मवाळलेला शिपाई बघितल्यावर ते पटतंही.

जेवणाचं भलं मोठं ताट मध्ये येतं आणि सगळे भोवती बसतात. चपला काढा, हात धुवा, उजव्या हाताने किंवा दिलेल्या चमच्याने आपल्या समोरच्याच भागातून खा. पलीकडे हात घालायचा नाही. मध्ये ठेवलेली मासळी, गाजर, कसावा, कोबी घरची बाई तोडून तुमच्या बाजूला सरकवत राहते. भात कणीचा असतो, टोमॅटो आणि माशाच्या रश्शात शिजवलेला. हे चेबू जेन, २०२१ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेलं. कणी पुष्कळदा आपल्याकडचीच असते. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात थांबवली, ती मार्च २०२५ मध्ये खुली झाली, आणि सेनेगल मोठ्या गिऱ्हाइकांपैकी असल्यामुळे मधल्या काळात तिथे त्याची चर्चा स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. शेवटी भांड्याच्या तळाची खरवड, 'खोंय', वेगळी वाढतात. ती मिळाली म्हणजे तुम्ही घरचे झालात. पोट भरलं की उठायचं. ताटाशी बसून राहिलात तर अजून भूक आहे असं समजतात.

शाकाहाऱ्यांनी खरं ते ऐकून ठेवावं: 'मांस नको' म्हटलं की मासे येतात, 'मासे नको' म्हटलं की त्याच रश्शातला भात मासळी बाजूला काढून येतो, आणि मांसाच्या चवीची क्यूब तर सगळीकडे पडते. काय नको यापेक्षा काय हवं ते सांगा. चवळीची उसळ पावात भरून देतात तिला न्दांबे म्हणतात. चवळीच्याच डाळीचे भजी म्हणजे आकारा. शेंगदाण्याच्या कालवणाला माफे म्हणतात, तो मांसाशिवाय सांगून करवून घेता येतो. बाजरीचे वाफवलेले कण दह्यात घालून गोड खातात. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, बिसाप, सगळीकडे मिळतं. थेपले-चटण्या न्या, हरकत नाही, पण यजमानांच्या ताटाशेजारी डबा उघडू नका.

दुपारनंतर कोळशाच्या छोट्या शेगडीवर अताया सुरू होतो. हिरवा चहा, पुदिना, भरपूर साखर. एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत फेस काढतात. तीन फेऱ्या होतात, पहिली कडू, शेवटची गोड, सगळं मिळून दीड-दोन तास. गाईडने तुमच्या कार्यक्रमात यासाठी वेळ ठेवलेला नसेल तर तुम्ही ठेवून घ्या, कारण गप्पा याच वेळी होतात.

सँ-लुई आणि नदी

१६५९ मध्ये फ्रेंचांनी वसवलेलं हे शहर सेनेगल नदीतल्या एका चिंचोळ्या बेटावर आहे. १८९७ चा ५०७ मीटर लांबीचा लोखंडी फेदेर्ब पूल ओलांडून आत यायचं. जुन्या वाड्यांचे रंग उडालेत, सज्जे कललेत. ते बघायला एक सकाळ पुरते. जास्त वेळ गेत न्दारला द्या, समुद्र आणि नदीमधल्या वाळूच्या पट्टीवरची कोळीवाडी. रंगवलेल्या होड्यांवर घराण्याच्या पिराचं नाव असतं. बोटी परत येतात तेव्हा, दुपारनंतर जा, गाईड गेत न्दारचाच घ्या आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका. इथली माणसं वैतागलेली आहेत आणि त्याला कारण आहे. २००३ मध्ये शहराला पुरापासून वाचवायला वाळूच्या पट्टीत चार मीटरचा चर खणला. समुद्राने तो काही किलोमीटर रुंद केला आणि पलीकडचं आखं गाव गिळलं. गेत न्दारच्या पुढच्या ओळीतली घरंही पडत चाललीत.

एक दिवस जूजच्या पाणथळीला. नोव्हेंबर ते मार्च युरोपातून आलेले पक्षी असतात आणि पेलिकनची वसाहत बोटीतून अगदी जवळून दिसते. वासही जवळून येतो. पहाटे निघा.

सीमा ओलांडताना

मॉरिटानियात जायला दोन जागा आहेत. रोसोला फेरीबोट आहे आणि तिच्याभोवती दलालांची झुंबड. सामान उचलणारे, पैसे बदलून देणारे, 'मीच साहेब' म्हणणारे. त्यापेक्षा दियामाच्या धरणावरून जा. नदीत समुद्राचं खारं पाणी शिरू नये म्हणून १९८६ मध्ये बांधलेल्या या धरणावरूनच सीमा ओलांडता येते. पुढचा बांधावरचा कच्चा रस्ता दियावलिंग राष्ट्रीय उद्यानातून जातो. डुकरं, बगळे, बाभळी दिसतात. पावसाळ्यात हा रस्ता बंद समजा. सेनेगलची गाडी इथे सोडून पलीकडे मॉरिटानियाची गाडी घेणं उत्तम. दुपारच्या आत पोचा.

मॉरिटानियात दारू बेकायदा आहे. बॅगेत उरलेली बाटलीसुद्धा अलीकडेच सोडा. आणि नाव, पासपोर्ट नंबर, व्हिसा, व्यवसाय लिहिलेल्या कागदाच्या पंचवीसेक झेरॉक्स काढून ठेवा. याला तिथे 'फिश' म्हणतात. रस्त्यावर दर थोड्या अंतराला नाका असतो, ड्रायव्हर काच खाली करतो, एक फिश देतो, गाडी पुढे. झेरॉक्स संपल्या तर शिपाई वहीत हाताने उतरवून घेतो आणि तुमची पंधरा मिनिटं गेली. पूर्वेकडच्या, मालीला लागून असलेल्या भागात जायचं नाही. वलाता आणि तिशीत ही जुनी गावं त्यामुळे बाजूला राहतात.

कपडे सैल, खांदे-पाय झाकणारे, बायका-पुरुष दोघांनाही. गुलामी इथे १९८१ मध्ये कायद्याने बंद झाली आणि २००७ मध्ये गुन्हा ठरली. तिचे पडसाद समाजात अजून आहेत, पण चहाला बसल्या बसल्या यजमानाला त्यावर छेडू नका. गाईडशी गाडीत बोला.

अद्रार

नुआकशोतहून अतारपर्यंत डांबरी रस्ता, पूर्ण दिवसाचा. वाटेत तेरजितला थांबा. खडकाच्या घळीत खजुरीची बाग आहे आणि कपारीतून पाणी ठिबकत असतं. अतारहून घाट चढून शिंगेत्ती. मक्केला जाणारे यात्रेकरू इथे जमून काफिला करत. जुन्या मशिदीच्या दगडी मिनारावर शहामृगाची अंडी बसवलेली आहेत. बिगरमुसलमानांना आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघा. हस्तलिखितांची ग्रंथालयं घराण्यांच्या मालकीची आहेत. घरचा माणूस लाकडी किल्लीने दार उघडतो, खोक्यातून कुराणाची, खगोलाची, गणिताची पानं काढतो. हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, आणि शेवटी ठरलेली रक्कम हसतमुखाने द्यायची. डागडुजीला दुसरा पैसा नसतो. अनेक घरांत वाळू खिडकीपर्यंत चढलीय.

इथून उंटांबरोबर तीन दिवसांची पायपीट घ्या. उंट मुख्यतः सामानासाठी, तुम्ही बहुतेक चालायचंच, सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी थोडं. दुपार बाभळीच्या सावलीत. डोक्याला हौली, म्हणजे लांब सुती फडकं, शिंगेत्तीच्या बाजारात घ्या आणि गुंडाळायचं तिथेच शिकून घ्या. नाक-तोंड झाकलं की घसा वाळत नाही. दाभणासारखे काटे असतात, त्यामुळे रात्रीही चप्पल लागते. वाळूखाली निखाऱ्यावर भाजलेली जाड भाकरी उंटवाला काठीने झटकून मोडतो. दाताखाली एखादा कण येतोच. जानेवारीत पहाटे हाडं गोठतात, चांगली स्लीपिंग बॅग पुण्यातूनच न्या.

पुढे वदान, दगडी गाव उतारावर कोसळलेलं, शिंगेत्तीपेक्षा मला जास्त आवडतं, कारण तिथे विक्रेते कमी. तिथून जवळच रिशातची वलयं. अंतराळातून चाळीसेक किलोमीटरचा डोळा दिसतो, जमिनीवर मात्र नुसते खडकांचे बांध. गाईडला जादा पैसे देऊन तिथे जायचं का, हे त्या अपेक्षेने ठरवा. कच्च्या लोखंडाच्या मालगाडीवर बसून झुएरात ते नुआधिबू जायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. उघड्या डब्यात धूळ, थंडी, धक्के, आणि पडलात तर विचारणारं कोणी नाही. पहिल्या खेपेला नको.

बक्षिसी आणि फोटो

गाईड, ड्रायव्हर, उंटवाला, स्वयंपाकी यांची बक्षिसी वेगवेगळ्या पाकिटांत, प्रत्येकाच्या हातात द्या. सगळी एकाला दिली तर वाटणी होईलच असं नाही. ड्रायव्हरला गाईडच्या खालोखाल समजू नका, तुमचा जीव त्याच्या हातात होता. गावात काढलेले फोटो नुआकशोतच्या हॉटेलात वायफाय मिळताच गाईडला व्हॉट्सॲपवर पाठवा, कोणाचा कोणता ते लिहून. घरी गेल्यावर पाठवू म्हटलं की राहून जातं. विमान बहुधा रात्रीचं असतं, तेव्हा दुपारी चारच्या सुमारास मासळीबाजाराच्या किनाऱ्यावर जा. होड्या येतात, पन्नास माणसं मिळून एकेक वाळूवर ओढतात आणि बर्फाचे ट्रक रांगेत उभे असतात. बूट भिजतात, म्हणून विमानात घालायचे वेगळे ठेवा.